मावशीचा ब्लाऊज आणि संगणकावरचे कटिंग
(शिवण विभाग व संगणक कक्ष, इयत्ता ८ वी ते १० वी)

विद्यार्थिनींनो, आणि विद्यार्थ्यांनो तुम्हीसुद्धा. शिवणाचा पाठ आला की मुलगे पान उलटतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. पण गणपत गल्लीत मशीनवर बसलेले शिंपी मोजून पाहा, त्यांत बरेचसे पुरुषच दिसतील. शिवाय या पाठात निम्मे गणित आहे, म्हणून कुणी पान उलटू नये.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. शिवणक्लास पूर्ण करून मला बरीच वर्षे झाली होती, हात बसला होता. खासबागेतल्या माझ्या मावशीसाठी मी एक ब्लाऊज शिवला. छाती ९२ सें.मी., उंची ३६. क्लासात शिकवल्याप्रमाणे छातीत ४ सें.मी. सैल मिळवून चार भाग केले, म्हणजे प्रत्येकी २४. मुंढा, गळा, टक्स सगळे वहीतल्याप्रमाणे. मावशीने घातला आणि आरशासमोर उभी राहिली. मागून ब्लाऊज चांगला चार बोटे वर चढला होता आणि पुढे गळ्याशी चुण्या पडल्या होत्या.

"काय गं, एवढं शिकलीस, आणि हे मागनं असं का चढतंय बघ की!"

मी म्हटले, "मावशी, माप तर बरोबर आहे."

"माप बरोबर असंल. पण ते माझं न्हवं."

मावशी सत्तरीची. पाठीला बाक आला आहे, खांदे पुढे झुकले आहेत. तिची छाती ९२ होती हे खरे, पण माझ्या वहीतल्या सूत्राने असे धरले होते की ९२ छातीची बाई ताठ उभी असते, तिची पाठ आणि पुढची बाजू सारखीच रुंद असते आणि दोन्ही बाजूंची उंचीही तेवढीच असते. सूत्रात हे कुठे लिहिलेले नसते, ते त्यात दडलेले असते. म्हणून वहीत चूक दिसत नाही, अंगावर दिसते.

दुकानातल्या ३६, ३८, ४० या नंबरांतही हेच होते. अमेरिकेच्या शेतीखात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली आणि १९४१ साली त्याचा अहवाल छापला. तयार कपड्यांचे नंबर शास्त्रीय पद्धतीने ठरवण्याचा तो मोठा प्रयत्न होता. एका मापावरून बाकीची मापे नीट ओळखता येत नाहीत, हे त्यातूनही दिसले. मग आपण नुसत्या छातीवरून सगळा ब्लाऊज कसा बेतणार?

आपल्या आज्या गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घालत. तिला पुढे गाठ असे. अंग थोडे भरले किंवा उतरले तरी गाठ सैल-घट्ट करता येई. बटण-हुकांचा, टक्सचा ब्लाऊज आला तसे अंगाशी जुळवून घेण्याचे काम गाठीकडून कटिंगकडे आले. म्हणजे आपली जबाबदारी वाढली.

आता संगणकाकडे येऊ. आपल्या कक्षातल्या यंत्रांवर 'सीमली टू-डी' हे सॉफ्टवेअर बसवता येते. त्याला पैसे पडत नाहीत. याचेच भावंड म्हणजे 'व्हॅलेंटिना'. युक्रेनचे रोमान तेलेझिन्स्की आणि अमेरिकेच्या सुझन स्पेन्सर यांचे हे मूळ काम २०१३ पासूनचे. २०१७ साली दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तेव्हा स्पेन्सर यांनी सीमली टू-डी या नावाने नवा फाटा काढला आणि व्हॅलेंटिना तेलेझिन्स्की यांच्याकडे पुढे चालू राहिले. घरात वाटण्या झाल्या की भांडी कमी पडतात, इथे तसे झाले नाही. कारण हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. म्हणजे ते कसे लिहिले आहे ते कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि त्याच अटीवर दुसऱ्याला देता येते. दोघांनाही पूर्ण हक्काने सगळे मिळाले, आणि तुम्हाला-मलाही.

शिवणकामात याचा अर्थ काय? कागदी फर्मा विकत आणला तर तो कोणत्या सूत्राने काढला ते कळत नाही. इथे आपण काढलेल्या प्रत्येक बिंदूमागचे सूत्र उघडून पाहता येते. माझ्या वहीतले दडलेले गृहीत इथे दडून राहत नाही.

सॉफ्टवेअरचे दोन भाग आहेत. एकात माणसाची मापे लिहायची. व्हॅलेंटिनात या भागाचे नावच 'टेप' आहे! दुसऱ्यात कटिंग काढायचे. कटिंग काढताना "इथून २४ सें.मी. वर बिंदू" असे लिहू नये. "छाती अधिक सैल, भागिले चार" असे सूत्र लिहावे. मग मापांची फाईल बदलली की सगळी आकृती आपोआप नव्या मापाची होते. आकडा लिहिला तर एकाचा कपडा होतो, सूत्र लिहिले तर पुष्कळांचा.

हात बसावा म्हणून आधी सोपा नमुना घेऊ. छत्रीच्या घेराचा परकर. कंबर ६६ सें.मी., लांबी ६०. कंबर हा वर्तुळाचा परीघ, म्हणून त्रिज्या = कंबर ÷ (२ × ३.१४१६) = १०.५ सें.मी. काही जण घाईत कंबरेला सहाने भागतात. ६६ ÷ ६ = ११, आणि ११ त्रिज्येचा परीघ ६९.१ येतो. कंबर ३ सें.मी. सैल! परकर नाडीचा असेल तर खपून जाते, पट्टीचा असेल तर नाही.

पडद्यावर एक बिंदू घ्या. त्याला केंद्र मानून या सूत्राची त्रिज्या द्या आणि २७० ते ३६० अंशांचा कंस काढा. (या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे ० अंश, वर ९०, भूमितीच्या वहीत असतात तसेच.) दुसरा कंस त्याच केंद्रातून, त्रिज्या १०.५ + ६०, म्हणजे ७०.५. हा झाला पाव भाग. कापडाची चौघडी घालून कापला की पूर्ण घेर.

पण थांबा, कापड पुरेल का? पूर्ण घेराला १४१ सें.मी. रुंदी लागते आणि बाजारात सुती कापडाचा पन्हा बहुधा ११२ सें.मी.च्या आसपास मिळतो. एकतर जोड द्यावा लागेल किंवा अर्धा घेर करावा लागेल. अर्ध्या घेराची त्रिज्या कंबर ÷ ३.१४१६, म्हणजे २१. बाहेरची ८१. ते ११२ च्या पन्ह्यात आरामात बसते, लांबी १६२ अधिक शिलाईची मार्जिन. हे सगळे कात्री लावण्याआधी पडद्यावर कळते.

मार्जिनबद्दल एक गोष्ट. कंबरेच्या कंसाला १ सें.मी. मार्जिन द्यायची तर ती आतल्या बाजूला, केंद्राकडे जाते. कापायची त्रिज्या ९.५ होते, ११.५ नव्हे. गेल्या वर्षी तिघींनी उलटे केले आणि तीन परकर ढगळे झाले. सॉफ्टवेअरला मार्जिन किती ते सांगितले की ते स्वतःच योग्य बाजूला घेते. मात्र आणखी एक गोष्ट ते तुम्हाला सांगणार नाही. घेराचा काही भाग उरेबात येतो आणि उरेब कापड लोंबते. परकर एक रात्र टांगून ठेवा, मग खालची पट्टी दुमडा.

आता पुन्हा मावशीकडे. या खेपेस मी तिची मापे वेगळी घेतली. काखेखालच्या दोन्ही बाजूंना, जिथे बाजूची शिलाई येते तिथे, खडूने खुणा केल्या. खुणेपासून खुणेपर्यंत पाठीवरून ४७ आणि पुढून ४५ सें.मी. भरले. बेरीज तीच, ९२. गळ्याकडच्या खांद्याच्या टोकापासून ब्लाऊजच्या खालच्या काठापर्यंत पुढून ३६ आणि पाठीवरून ४०. चार सें.मी.चा फरक! हाच फरक मागून वर चढत होता.

ही चारही मापे फाईलमध्ये घातली आणि सूत्रे बदलली. पाठीचा अर्धा भाग = (४७ + २) ÷ २ = २४.५. पुढचा अर्धा भाग = (४५ + २) ÷ २ = २३.५. चारही तुकड्यांची बेरीज करा, ९६ येते. माझ्या पहिल्या ब्लाऊजचीही ९६ च होती. टेप लावून पाहिला असता तर दोन्ही ब्लाऊज एकाच मापाचे निघाले असते.

उंचीचे काम जास्त नाजूक. पाठीचे ४ सें.मी. सरळ खाली वाढवले तर लांबी भरते, पण मुंढा ओढत राहतो. कारण कापड कमी पडते ते खाली नव्हे, बाकावर. म्हणून खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर, पाठीच्या मधल्या रेषेपासून मुंढ्यापर्यंत एक आडवी रेषा काढली. तिच्या वरचा भाग मुंढ्याकडचे टोक स्थिर धरून फिरवला, असा की मध्यावर ३ सें.मी. फट उघडली आणि मुंढ्याशी शून्य राहिली. उरलेला १ सें.मी. खाली दिला. फिरवल्याने मधली रेषा तिरकी होते. ती सरळ केली की मागचा गळा रुंद होतो, आणि तो जास्तीचा भाग गळ्याजवळच्या लहान टक्समध्ये घ्यायचा. कागदावर हेच काम कात्री आणि चिकटपट्टीने होते, जुन्या शिंप्यांना ते येतेच. संगणकावर फायदा इतकाच की फटीच्या ३ सें.मी.लाही नाव देऊन ठेवता येते. पुढे कुणाचा बाक कमी असला तर तिथे १.५ लिहायचे, पुन्हा कापाकापी नको.

एक मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवा. नेहमीच्या रीतीने आपण अर्धेच अंग काढतो आणि दुसरी बाजू आरशातल्यासारखी तीच धरतो. ज्याचा एक खांदा खाली आहे त्याच्यासाठी हे चालत नाही. त्याच्या डाव्या आणि उजव्या खांद्याची मापे वेगळी घेऊन दोन्ही बाजू काढाव्या लागतात. वेळ दुप्पट लागतो. तो द्यावा.

छपाईत मी पुन्हा फसले, तेही सांगते. कटिंग ए-फोर कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापून चिकटवता येते. छपाई यंत्राने कागदात मावावे म्हणून आकृती ९७ टक्के केली आणि मला ते कळले नाही. ९६ चे झाले ९३.१, जवळजवळ ३ सें.मी. गेले, म्हणजे ठेवलेला बहुतेक सैलपणा संपला. तेव्हापासून मी आकृतीत १० सें.मी. बाजूचा एक चौकोन काढून ठेवते. छापल्यावर आधी तो पट्टीने मोजायचा. दहा भरला नाही तर कागद चिकटवायलाही बसायचे नाही.

आणि पहिला कपडा नेहमी मांजरपाटाचा. मावशीचा ब्लाऊज मी मांजरपाटात दोनदा टाचून पाहिला. दुसऱ्यांदा मागचा काठ कंबरेला समांतर आला, तेव्हाच खरे कापड कापले. तिने आरशात पाहिले, हात वर केले, खाली घेतले, वाकून पाहिले. "आता बसलं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातले आणखी सहा जुने ब्लाऊज माझ्याकडे पाठवून दिले. त्यांतल्या चारांना आत वाढवायला कापडच नव्हते.

स्वाध्याय

१. घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन मापे घ्या : छाती पूर्ण, पाठीवरून, पुढून, उंची पाठीवरून, पुढून. प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन वेळच्या आकड्यांत १ सें.मी.पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या. माप देणाऱ्याने नेहमी उभे राहतात तसेच उभे राहावे, मुद्दाम ताठ होऊ नये.

२. "छाती अधिक ४, भागिले चार" या सूत्राने आणि वरच्या पद्धतीने, अशी दोन्ही गणिते करा. फरक कुठे पडतो ते लिहा.

३. स्वतःच्या कंबरेचा अर्ध्या घेराचा परकर, लांबी ५५ सें.मी., ११२ सें.मी. पन्ह्यात बसतो का ते काढा. मुलांनी लहान बहिणीचे माप घ्यावे. बहीण नसेल तर शेजारी विचारावे.

वह्या शनिवारी शिवण वर्गात द्याव्यात. संगणक कक्ष दुपारच्या सुटीत उघडा राहील. मापांचा कागद बरोबर नसेल तर यंत्र मिळणार नाही.