शरीराची चेष्टा आणि मनाचा अभ्यास

आसनावर बसताच मन दाही दिशांना धावते, ही साधकाची नित्याची तक्रार आहे. गीतेच्या 6व्या अध्यायात अर्जुनही मनाला वाऱ्याची उपमा देतो. भगवंत ते मान्य करून अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात. त्याच अध्यायात आहार-विहाराबरोबर कर्मातील चेष्टाही युक्त असावी, असे म्हटले आहे. चेष्टा म्हणजे शरीराची हालचाल. तिचा त्याग नव्हे, तिचे नियमन येथे अभिप्रेत आहे.

भिलाईजवळच्या गनियारी गावी 1956 साली जन्मलेल्या तीजनबाईंचे उदाहरण पाहावे. पंडवानी म्हणजे छत्तीसगढी बोलीतील महाभारतगायन. स्त्रियांनी ती बसून, वेदमती शैलीत गावी अशी रूढी होती. तीजनबाईंनी समाजाचा रोष पत्करून उभ्याने गाण्याची कापालिक शैली स्वीकारली. त्यांच्या हातचा तंबोरा क्षणात भीमाची गदा, तर क्षणात अर्जुनाचे धनुष्य होई. पाऊल, हात आणि वाणी एकाच प्रसंगाला बांधली गेली, म्हणजे मनाला भटकण्यास वाव थोडाच उरतो.

मात्र हालचाल यांत्रिक झाली की मन पुन्हा सुटते. म्हणून चालणे असो वा सूर्यनमस्कार, जे करावे ते परिमित, नित्य आणि लक्षपूर्वक करावे. मन भटकले तर खिन्न होऊ नये; पुढच्या पावलावर त्याला परत आणावे. हे परत आणणे हाच अभ्यास होय.