छऱ्याची बंदूक शेताला किती महागात पडते?

ज्वारी चिकात आली, डाळिंबाला रंग चढू लागला, की अनेक शेतकऱ्यांच्या मनात एक खरेदी घोळू लागते. पोपट, भोरड्या, होले हटत नाहीत, राखणीला माणूस मिळत नाही, मग छऱ्याची बंदूकच आणावी का? माझं मत आधीच सांगतो. पीक राखण्यासाठी या बंदुकीवर पैसे घालू नयेत. का, ते हिशेबानेच पाहू. पुढचे भाव अंदाजाचे आहेत. गाव, दुकान आणि हंगाम यांप्रमाणे ते खालीवर होतील.

स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून भरायची देशी बंदूक साधारण पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत मिळते. आधीच हवा भरून ठेवायची, म्हणजे पीसीपी प्रकारची, तीस-चाळीस हजारांच्या पुढे जाते. तिला हातपंप किंवा सिलिंडर वेगळा घ्यावा लागतो आणि हा खर्च दुकानदार बहुधा शेवटी सांगतो. पाचशे छऱ्यांच्या डब्याला अडीचशेपासून हजार रुपये पडतात. दुर्बीण लावायची तर आणखी दोन-चार हजार. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो, त्याने साधी दुर्बीण खिळखिळी होते. म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीसाठीच बनवलेली मागावी. वापराप्रमाणे काही वर्षांत स्प्रिंग आणि पिस्टनचं सील बदलावं लागतं. छर्रा न भरता चाप ओढत राहिलं, की ही वेळ फार लवकर येते. एकंदरीत कामाची बंदूक हातात येईपर्यंत बारा-पंधरा हजार सहज जातात.

‘परवाना लागत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच खरं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तरच परवान्यातून सूट आहे. ०.२२ ची बंदूक घेतली की परवाना आलाच. खोक्यावर ‘सेकंदाला हजार फूट’ असं छापलेलं असेल, तर तो वेग कोणत्या वजनाच्या छऱ्याचा, हे विचारा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरने, म्हणजे नऊशे फुटांहून थोड्या जास्त वेगाने निघाला, की तो २० ज्यूलच्या उंबरठ्यावर पोचतो. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा देऊन पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर व्यास व ऊर्जा लिहून घ्यावी. बिलाविना स्वस्तात मिळणारी बंदूक घेऊ नये.

मारायचं कुणाला?

खरा खर्च इथून सुरू होतो. बंदूक बाळगायला परवाना नको, याचा अर्थ तिने पाखरू मारायची मुभा आहे असा होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. मोर पहिल्या अनुसूचीत आहे आणि पोपट दुसऱ्या. दोन्ही अनुसूचींतल्या प्राण्यापक्ष्यांची शिकार बंद आहे. आपल्या रानात कणसावर बसलेली पाखरं बहुतेक याच याद्यांत येतात. कायद्याच्या लेखी जखमी करणं ही शिकारच. घरटं मोडलं, अंडी फोडली, तरी तेच कलम. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्याला मारलं, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही इतका दंड. गुन्ह्यात वापरलेलं, जप्त झालेलं हत्यार आणि वाहन सरकारजमा होतं. पंधरा हजारांच्या बंदुकीपायी मोटारसायकल गमावण्याची ही गोष्ट आहे, आणि वर कोर्टाच्या तारखा.

पूर्वी कायद्याला पाचवी अनुसूची होती. तिच्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर ‘उपद्रवी’ म्हणून नोंदलेले असत. गावात अजून तीच जुनी माहिती सांगितली जाते. ती अनुसूची आता उरलेली नाही. भटक्या कुत्र्यावर छर्रा झाडणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की जनावराला ठार किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली येतं आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रानडुकराच्या जाड कातडीपुढे ४.५ मिलिमीटरचा छर्रा निरुपयोगी आहे. चवताळलेलं डुक्कर मात्र माणसाच्या अंगावर येतं.

मग राहतो शेतातला नेहमीचा उंदीर. त्याच्यावर कायद्याची आडकाठी नाही, पण तो रात्री फिरतो, दिवसभर बिळात असतो आणि उभ्या पिकात दिसत नाही. अंधारात टॉर्च धरून छर्रे झाडणं धोक्याचं आहे, कारण हुकलेला छर्रा शंभर मीटरपलीकडेही माणसाचा डोळा घेऊ शकतो. शेजारच्या वावरात पाणी धरणारा माणूस पिकाआड कुठे वाकला आहे, हे कळायला मार्ग नसतो.

तेच पैसे कुठे घालावेत

उंदरांसाठी संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढ्यांतच आमिष ठेवा. औषध निम्म्याहून कमी लागतं. झिंक फॉस्फाईडचं आमिष म्हणजे ९६ भाग भरडलेलं धान्य, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध. आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवायचं, नाहीतर उंदीर बुजतो आणि पुन्हा तोंड लावत नाही. हातमोजे घाला, कोंबड्या-कुत्री लांब ठेवा, मेलेले उंदीर पुरा. एकरी खर्च काही शेकड्यांत भागतो. बांधावर गव्हाणी घुबडासाठी लाकडी पेटी लावायची असेल, तर दीड-दोन हजार धरा. हे घुबड रात्रीत दोन-तीन उंदीर उचलतं. मात्र पेटी लावली की ब्रोमॅडिओलोनसारखं औषध टाळा, कारण विषारी उंदीर खाऊन घुबडच मरतं.

पाखरांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय लाल-चंदेरी चमकी फितीचा. एक एकर चौरस धरला तर बाजू सुमारे ६४ मीटर भरते. दर सात-आठ मीटरवर एक ओळ बांधली, तर पाच-सहाशे मीटर फीत लागते. खुंट्या-सुतळीसह दीड-दोन हजार पुरे. फितीला थोडा पीळ द्या म्हणजे वाऱ्यावर ती गुणगुणते. पेरणीपासून बांधून ठेवू नका. पाखरं दोनेक आठवड्यांत सरावतात, म्हणून कणसात चीक भरू लागला की त्याच दिवशी ताणा. मक्याला पोपटांचा त्रास असेल, तर बाहेरच्या दोन-तीन ओळींतली कणसं त्याच झाडाच्या हिरव्या पानांनी गुंडाळा; पोपट कडेपासूनच सुरुवात करतो. याला मजुरीच काय ती लागते.

माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार आजही सर्वांत भरवशाचा. चिकापासून काढणीपर्यंत पंचवीस दिवस, रोज चारशे रुपये, म्हणजे दहा हजार. पाखरांचा जोर सकाळी आणि सूर्य कलल्यावर असतो. तेवढ्याच वेळेची मजुरी ठरवली आणि शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एकच माणूस लावला, तर प्रत्येकी तीन हजारांत काम होतं. दगड पाखरांच्या वरून जावा, थव्यात नव्हे.

द्राक्ष, डाळिंब यांसारख्या पिकाला जाळीच खरी. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर; आठ ते पंधरा रुपये मीटरने नुसती जाळी बत्तीस ते साठ हजारांना पडते, खांब-तार वेगळी. आकडा मोठा दिसतो, पण चांगली जाळी तीन-चार हंगाम टिकते. ती ताणूनच बांधा. सैल जाळीत बुलबुल अडकून मरतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्या अळ्या आणि टोळही फस्त करतात. हरभऱ्यात घाटेअळी वेचायला हीच पाखरं यावीत म्हणून आपण पक्षीथांबे रोवतो. ज्वारीत त्यांना हाकला, मारू नका.

वानरं पळवायला पीव्हीसी पाईपची कार्बाईड गन दीड-दोनशे रुपयांना मिळते. ती घरी आणूच नका. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास याच गनने कित्येक मुलांचे डोळे भाजले. रानडुक्कर, रोही, हरीण यांनी पीक तुडवलं तर वाट न पाहता फोटो काढा, वनविभागाकडे अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत वावर नांगरू नका. भरपाईची तरतूद आहे.

बंदूक आधीच घरात असेल, तर ती रिकामी करून कुलपात आणि छर्रे दुसऱ्या जागी ठेवा. पोरांना तिची ओढ असेल, तर जिल्ह्याच्या रायफल क्लबात न्या. याच ४.५ मिलिमीटर नळीच्या एअर रायफलने ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत १० मीटरचं विश्वविजेतेपद मिळवलं. घरी सराव करायचा तर निशाणामागे मातीने भरलेली लाकडी पेटी हवी. दगडी भिंत किंवा पत्रा चालत नाही, छर्रा उलटून येतो.