जुनी मोटार, जवळच्या फेऱ्या आणि ऑईलचा हिशेब

घर ते दुकान तीन किलोमीटर, दुकान ते बाजार दोन. आपले बरेच व्यापारी व कारागीर बांधव सेकंडहँड पेट्रोल मोटार अशीच वापरतात आणि म्हणतात, "वर्षात चार हजारसुद्धा चालली नाही, सर्व्हिसिंग कशाला?" हा हिशेब आम्हाला पटत नाही.

थंड इंजिनात पेट्रोल जादा जाते. त्यातले थोडे न जळता ऑईलमध्ये उतरते. जळणातून निघणाऱ्या वाफेचे पाणीही तेथेच मिसळते. लांबच्या प्रवासात ऑईल तापून हे दोन्ही उडून जाते; पाच मिनिटांत गाडी बंद केली तर साचत राहते. ऑईल पातळ होते, बेअरिंग झिजतात. ऑईल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. आतून दुधी, साईसारखा थर असेल तर बहुधा हेच कारण. (कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासावे, तो खर्च निराळा.)

कंपन्या साधारणतः १०,००० किमी किंवा एक वर्ष सांगतात, पण अशा फेऱ्यांना त्याच कठीण वापर मानतात. म्हणून आम्ही सांगू: सहा महिने किंवा ५,००० किमी, जे आधी येईल ते. ऑईलबरोबर ऑईल फिल्टरही बदलावा. तेथे काटकसर नको. गाडी नुकतीच घेतली असून जुनी बिले नसतील तर मीटरवर विसंबू नये, ही कामे लगेच करावीत. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी.

आठवड्यातून एकदा सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी. बॅटरी चार्ज होते, सायलेन्सरमधले पाणीही सुकते.