पाण्याची पाळी आणि फोनातले कॅलेंडर

आमच्या मळ्यात एक विहीर आहे. ती तीन भावांची सामाईक. थोरले आप्पा, मधले नाना आणि धाकटे आम्ही. प्रत्येक घराला चार-चार दिवस पाणी. बारा दिवसांनी पाळी पुन्हा थोरल्या घराकडे येते. हा नियम आमच्या वडिलांनी घातला. पाळीचा हिशोब ते तोंडीच ठेवीत. सकाळी ओट्यावर बसून ते सांगत, "आज नानाचा तिसरा दिवस." मग कोणी वाद घालत नसे.

मागच्या दिवाळीत वडील वारले. मग पाळी मोजणार कोण? आम्ही तिन्ही घरांनी आपापल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायला सुरुवात केली. दुधाचा रतीब जिथे लिहितो, त्याच चौकोनात पाण्याची फुली. घरे तीन, भिंती तीन, म्हणजे हिशोबही तीन झाले. आमच्या ते ध्यानात आले नाही.

1 जानेवारीला आप्पांच्या घरापासून सुरुवात झाली. 1 ते 4 आप्पा, 5 ते 8 नाना, 9 ते 12 आम्ही. 13 पासून पुन्हा आप्पा. असे करत करत 29 जानेवारीला नानांची पाळी लागली. पण त्याच दिवशी डीपी जळाला. तीन दिवस वीज नाही. नानांचा गहू तेव्हा दाणे भरण्याच्या भरात होता. पेरून ऐंशी दिवस होत आले होते. गव्हाला या वेळी पाणी चुकले की दाणा भरत नाही, हे आपणां शेतकऱ्यांना सांगायला नको.

1 फेब्रुवारीला पहाटे वीज आली. नाना विहिरीवर गेले, तर मोटर चालू! पाणी आप्पांच्या कांद्याकडे चाललेले. नाना म्हणाले, "आप्पा, आज माझा चौथा दिवस." आप्पा म्हणाले, "नवा महिना लागला. महिन्याची सुरुवात माझ्या घरापासून." आम्हीही तिथे पोचलो आणि आमचे तिसरेच, "उद्यापासून आमची पाळी."

आप्पा खोटे बोलत नव्हते. त्यांनी खरेच तसे मोजले होते. जानेवारीचे दिवस 31, आणि 31 ला बाराने पुरता भाग जात नाही. त्यामुळे महिना संपला तरी पाळीचा फेरा संपत नाही. पण त्या पहाटे हे गणित कोण मांडणार? शब्दाने शब्द वाढला. आप्पांनी मोटरीच्या पेटीला कुलूप घातले. नानांच्या गव्हाला पाणी मिळाले ते आठवड्याने. दाणा पोचट निघाला. पाडव्याला तिन्ही घरी गुढी उभारली, पण कोणी कोणाच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही.

आप्पांची मुलगी तालुक्याला कॉलेजात शिकते. तिनेच मार्ग काढला. ती म्हणाली, "काका, विहीर सामाईक आहे, तर कॅलेंडरही सामाईक करू. प्रत्येकाच्या फोनात एकच."

हे सामाईक कॅलेंडर कसे असते, ते आता पाहू. आम्ही गूगल कॅलेंडर वापरतो. पुष्कळ फोनांत ते आधीच असते. त्यासाठी प्रत्येकाचा जीमेलचा पत्ता लागतो. पासवर्ड मात्र कोणालाही द्यावा लागत नाही. कोणी मागितला तरी देऊ नये.

पुतणीने पहिले काम संगणकावर केले. तिने एक नवे कॅलेंडर तयार केले आणि त्याला नाव दिले "विहीर". मग त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिन्ही घरांचे जीमेल पत्ते घातले. प्रत्येकाला एक मेल आला. त्यातल्या दुव्यावर बोट लावले, की कॅलेंडर त्याच्या फोनात आले. संगणक दुसऱ्याचा असेल तर काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडायला विसरू नये.

पत्ता घालताना संगणक विचारतो, या माणसाला अधिकार कोणता द्यायचा? अधिकार चार प्रकारचे आहेत. पहिल्यात विहीर गुंतलेली आहे एवढेच कळते, पाणी कोण घेतो ते कळत नाही. दुसऱ्यात सगळे वाचता येते, पण लिहिता येत नाही. तिसऱ्यात तारखा बदलता येतात. चौथ्यात तारखाही बदलता येतात आणि आणखी कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे तेही ठरवता येते. मुलीने सगळ्यांना दुसरा अधिकार दिला. तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण नाना उखडले. "माझ्याच विहिरीचं मी नुसतं बघत बसायचं व्हय?" त्यांचे म्हणणे आम्हांला पटले. मग तिन्ही घरांना तिसरा अधिकार दिला. चौथा अधिकार तिच्याकडे ठेवला आणि नानांच्या मुलालाही दिला. एकाच माणसाच्या हाती सगळ्या किल्ल्या नसाव्यात. तो फोन हरवला तर काय करायचे?

आणखी एक. तिथेच कॅलेंडर सर्व जगाला खुले करण्याची सोयही असते. ती आपल्या कामाची नाही. कोणत्या रात्री कोणते घर मळ्यात असते, हे परक्याला कशाला कळावे?

आता पाळी कशी लिहायची? फोनात कॅलेंडर उघडावे. खाली उजव्या हाताला अधिकची खूण असते, ती दाबावी. इव्हेंट म्हणजे कार्यक्रम, तो निवडावा. नाव लिहावे, "आप्पांचे पाणी". "पूर्ण दिवस" हे बटण चालू करावे. सुरुवात 1 तारीख, शेवट 4 तारीख. मग "पुन्हा" या अर्थाची ओळ दिसते. तिथे दर 12 दिवसांनी असे ठरवावे. अशीच नानांची पाळी 5 पासून 8 पर्यंत आणि आमची 9 पासून 12 पर्यंत. तीनदा लिहिले, की पुढचे फेरे फोन आपले आपण मांडतो. महिना 28 चा असो की 31 चा, त्याची मोजणी चुकत नाही.

जतन करण्याआधी एक गोष्ट नीट पाहावी. हा कार्यक्रम कोणत्या कॅलेंडरात जातो आहे? "विहीर" या की आपल्या खासगी? आमच्या घरी काय झाले ते सांगतो. आमच्या सुनेला दिवस गेले होते. तिने दवाखान्याची तारीख फोनात लिहिली, पण ती गेली "विहीर" मध्ये. संध्याकाळपर्यंत तिन्ही घरांच्या फोनांत "सोनोग्राफी, सकाळी 10 वाजता". आम्हांला, सासू-सासऱ्यांना, ती बातमी थोरल्या वहिनींकडून कळली! पोर आठ दिवस लाजून कोणाशी बोलली नाही.

पाहणे सोपे आहे. वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात. त्या दाबल्या, की दिवस, आठवडा, महिना असे पर्याय येतात. आम्हांला "वेळापत्रक" हा प्रकार आवडतो, कारण त्यात वाचायला ओळीमागून ओळ येते. त्याच्याच खाली कॅलेंडरांची नावे असतात आणि प्रत्येकापुढे रंगीत चौकोन. त्या चौकोनातली खूण काढली तर ते कॅलेंडर दिसेनासे होते. मधल्या वहिनींच्या हातून असेच झाले. त्या घाबरल्या, "माझ्या हातून सगळ्यांचं पुसलं गं!" पण तसे काही नव्हते. खूण काढल्याने ते फक्त आपल्याच फोनात झाकते. चौकोनावर पुन्हा बोट लावले, की परत येते.

आठवण मात्र ज्याची त्याने लावावी. नानांनी आपल्या फोनात आठवण लावली म्हणून आमचा फोन वाजत नाही. आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळची आठवण लावली आहे.

आता सगळ्यांत नाजूक भाग. पाळी बदलणे. लग्नकार्य असते, कोणी आजारी पडते, मग दोन घरे आपसांत पाळी बदलतात. त्यासाठी पाळीवर बोट लावावे, पेन्सिलीची खूण दाबावी आणि तारीख बदलावी. जतन करताना फोन विचारतो, बदल फक्त या एका वेळेपुरता करायचा, की या आणि पुढच्या सगळ्या वेळांना, की सगळ्यांनाच? इथे घाई करू नये. आमच्या मुलाने मित्राच्या लग्नासाठी आमची एक पाळी पुढे ढकलली आणि चुकून "सगळ्या" वर बोट ठेवले. वर्षभराची रांग सरकली. आमचे दिवस आप्पांच्या दिवसांवर जाऊन बसले. आप्पांचा फोन आला तेव्हा आमच्या छातीत धस्स झाले. पण ते रागावले नाहीत. "पोराला सांग, परत जागेवर ने." त्याने तारीख परत मागे नेली, आणि पुन्हा "सगळ्या" च निवडले, तेव्हा रांग सरळ झाली. समजा पाळी पुसलीच गेली, तरी संगणकावर कचरापेटीत ती 30 दिवस राहते. तेवढ्यात परत आणता येते.

मळ्यात रेंज नसली तरी आधीचे लिहिलेले दिसते. पण आपण केलेला बदल रेंज आल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून आम्ही ठरवले आहे की आधी तोंडाने विचारायचे, मग फोनात लिहायचे. नाहीतर कॅलेंडर बदलून मोकळे व्हायचे आणि भावाने ते वाचून कळायचे, याने भांडण मिटण्याऐवजी वाढेल. वीज गेली तर ते दिवस भरून कसे द्यायचे, हेही फोन सांगत नाही. ते आम्ही तिघांनी बसून ठरवले. ज्याचे दिवस बुडाले, त्याला फेरा संपल्यावर तेवढे दिवस आधी.

आप्पांचा फोन साधा, बटणांचा आहे. त्यांच्या घरी कॅलेंडर आहे ते मुलीच्या आणि वहिनींच्या फोनात. म्हणून मुलगी दर महिन्याला सगळ्या पाळ्या कागदावर उतरवते आणि तो कागद मोटरीच्या पेटीच्या आत चिकटवते. पेटीला आता कुलूप नसते.

मधल्या वहिनी गेल्या वर्षी साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या. फोनाची भाषा त्यांनी मराठी करून घेतली आहे. या रब्बीत एके सकाळी त्या चुलीपुढे बसून वाचत होत्या, "नानांचे पाणी, दिवस 4/4." तेवढ्यात नानांचा फोन वाजला. आप्पा बोलत होते. "नाना, आज तुझा शेवटचा दिवस. वीज आलीय. मोटर चालू केलीस का?"