घराचें वर्णन इंग्रजींत कसें करावें



‘माझें घर’ हा इंग्रजी निबंधाचा अगदीं जुना व नेहमींचा विषय आहे. तो सोपा वाटतो, म्हणून मुलें आनंदानें निवडतात. परंतु वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे आमच्यापुढें एक विचित्र गांव उभें राहतें. त्या गांवांतील प्रत्येक घराला बाग असते, प्रत्येक घरांत ‘ड्रॉइंगरूम’ असते, आणि कांहीं घरांवर धूर सोडणारी चिमणीही असते. हीं घरें आमच्या विद्यार्थ्यांचीं नव्हेत, तीं वाचनपुस्तकांतून उचलून आणलेलीं आहेत, हें ओळखावयास वेळ लागत नाहीं. ज्याचें बिऱ्हाड चाळींतील एका खोलींत आहे तो ती खोली लपवितो. ज्याचें घर कोंकणांत आहे तो ओटी व पडवी विसरून जातो. यांत मुलांचा खोटेपणा नाहीं. आपल्या घराला लागू पडतील असे शब्द त्यांना मिळालेले नसतात, एवढेंच. ते शब्द मिळवून द्यावे, आणि जेथें इंग्रजींत शब्दच नाहीं तेथें काय करावें हें सांगावें, यासाठीं हा पाठ लिहीत आहों.

हाऊस आणि होम

प्रथम ‘हाऊस’ आणि ‘होम’ या जोडीकडे पाहूं. ‘हाऊस’ म्हणजे भिंती, छप्पर, दारें व खिडक्या यांची वास्तू. ती बांधतां येते, विकतां येते, पावसांत पडूंही शकते. ‘होम’ म्हणजे जेथें आपलीं माणसें आहेत आणि दिवस मावळला म्हणजे जेथें आपण परत जातों तें ठिकाण. मराठींत दोहोंना ‘घर’ हा एकच शब्द असल्यामुळें हा भेद आपल्या भाषेंत नाहीं असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. आपण हा भेद निराळ्या शब्दानें न करितां निराळ्या प्रत्ययानें करितों. ‘मी घरांत गेलों’ आणि ‘मी घरीं गेलों’ हीं दोन वाक्यें मोठ्यानें म्हणून पाहा. घरांत कोणाच्याही जातां येतें. पण ‘शाळा सुटली आणि मुलें घरीं गेलीं’ असें म्हटलें म्हणजे तीं आपापल्या घरीं गेलीं, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. ‘घरांत’ म्हणजे ‘इन द हाऊस’ आणि ‘घरीं’ म्हणजे ‘ॲट होम’, इतकें पक्कें ध्यानांत धरावें.

हें ध्यानांत आलें म्हणजे एक नेहमींची चूक आपोआप टळते. पुष्कळ मुलें ‘आय वेंट टु होम’ असें लिहितात. ‘घरीं’ या रूपांत ज्याप्रमाणें प्रत्यय मुरलेला आहे, त्याचप्रमाणें या वाक्यांतील ‘होम’ या शब्दांत ‘कडे’ हा अर्थ मुरलेला आहे. म्हणून ‘आय वेंट होम’ एवढेंच शुद्ध. ‘हाऊस’ या शब्दाला मात्र ‘टु’ची गरज लागते, मित्राच्या घरीं गेल्यास ‘आय वेंट टु हिज हाऊस’ असें लिहावें.

घरांचे प्रकार

गवताच्या किंवा मातीच्या लहान झोंपडीस ‘हट’ म्हणतात, खेड्यांतील लहान घरास ‘कॉटेज’, आणि फार मोठ्या व थाटाच्या घरास ‘मॅन्शन’. चारी बाजूंनीं मोकळें असलेलें घर ‘डिटॅच्ड’. एका बाजूची भिंत शेजाऱ्याशीं सामाईक असेल तर ‘सेमी-डिटॅच्ड’. आणि एका ओळींत भिंतीला भिंत लागून बांधलेलें असेल तर ‘टेरेस्ड हाऊस’. या शेवटच्या शब्दांतील ‘टेरेस’ म्हणजे आपली गच्ची नव्हे, घरांची ओळ होय. मोठ्या इमारतींतील एकाच मजल्यावरच्या स्वतंत्र बिऱ्हाडास इंग्रज ‘फ्लॅट’ म्हणतो व अमेरिकन ‘अपार्टमेंट’ म्हणतो.

मजले मोजतांनाही हे दोघे एकमेकांशीं जुळत नाहींत. इंग्रजाचा ‘ग्राउंड फ्लोअर’ हा आपला तळमजला आणि त्याचा ‘फर्स्ट फ्लोअर’ हा आपला पहिला मजला; अमेरिकेंत मात्र तळमजल्यालाच ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणण्याची रीत आहे. आपली मोजणी इंग्रजांसारखी आहे, म्हणून तीच ठेवावी. अमेरिकन पुस्तक वाचतांना एक मजला खालीं उतरून वाचावें, म्हणजे गोंधळ होणार नाहीं.

आतां एक गमतीचा शब्द घेऊं. ‘बंगलो’ हा शब्द इंग्रजी म्हणून आपण पाठ करितों, पण तो आपल्याकडूनच तिकडे गेला. बंगाली पद्धतीचें घर तें ‘बंगला’. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रजांनीं तें नांव उचललें, आणि १८७० च्या सुमारास केंट परगण्यांतील समुद्रकांठीं या नांवाचीं घरें खुद्द इंग्लंडांत बांधलीं जाऊं लागलीं. तेथें ‘बंगलो’ म्हणजे एकमजली घर, हा अर्थ रूढ झाला. म्हणून पुण्यांतील दुमजली बंगल्याचें वर्णन करावयाचें असेल तर ‘टू-स्टोरीड हाऊस’ म्हणावें. नुसतें ‘बंगलो’ म्हटल्यास इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढून वरचा मजला नाहींसा होईल. ‘व्हरांडा’ हा शब्दही हिंदुस्थानांतूनच इंग्रजींत गेला. पोर्तुगीज भाषेशीं त्याचें नातें आहे. घराभोंवतालच्या आवारास लावला जाणारा ‘कंपाउंड’ हा शब्द मलायी भाषेंतील ‘कांपुंग’ या शब्दापासून आला असावा असें कोशकार मानतात. असे शेंकडों शब्द गोळा करून यूल आणि बर्नेल या दोघांनीं १८८६ सालीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा मोठा कोश प्रसिद्ध केला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या देशांतील घरांचें वर्णन स्वतःच्या शब्दांनीं पुरें करतां येईना, तेव्हां इंग्रजांनीं आपले शब्द घेतले आणि त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. मग आपणच आपले शब्द टाकून कां द्यावे?

चाळीचेंच उदाहरण पाहा. स्कॉटलंडांतील ग्लासगो व एडिंबरो या शहरांत ‘टेनेमेंट’ नांवाच्या जुन्या दगडी इमारती आहेत. एका सामाईक जिन्याभोंवतीं अनेक बिऱ्हाडें, अशी त्यांची रचना असते. चाळीस हा शब्द जवळचा आहे. पण चाळीचा जीव तिच्या लांब गॅलरींत असतो, आणि ती गॅलरी ‘टेनेमेंट’ या शब्दांत येत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली व १८९८ सालीं शहराच्या सुधारणेकरितां इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व हल्लींचा ना. म. जोशी मार्ग येथें चाळी बांधल्या. त्यांत एकेका बिऱ्हाडास सुमारें १६० चौरस फुटांची एक खोली मिळे. अलीकडे त्यांच्या जागीं उंच इमारती होऊं लागल्या आहेत, तरी अशा एका खोलींत वाढून, गॅलरींत दिव्याखालीं अभ्यास करून मोठीं झालेलीं माणसें मुंबईंत घरोघरीं भेटतात. ती खोली लपविण्यासारखी आहे काय? ‘चॉल’ हा शब्द इंग्रजी कोशांत आहे; तो निःशंकपणें वापरावा, आणि ‘कॉमन गॅलरी’ हे दोन शब्द त्याला जोडावे.

घराचे भाग

आतां घराच्या आंत शिरूं. ‘ड्रॉइंगरूम’चा चित्रकलेशीं कांहीं संबंध नाहीं. मूळ शब्द ‘विथड्रॉइंगरूम’, म्हणजे जेवणानंतर मंडळींनीं उठून जाऊन बसावयाची खोली. आपल्या माजघराला किंवा ओटीला हें नांव लावणें म्हणजे डोक्याचें पागोटें पायांत घालण्यासारखें आहे. ‘पार्लर’ हा शब्द ‘बोलणें’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला. तेव्हां तो बैठकीच्या खोलीस पुष्कळ शोभतो. ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्वेजियन लोकांचा असून त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा आहे. संस्कृतांत खिडकीस ‘गवाक्ष’, म्हणजे गाईबैलाचा डोळा, म्हणतात. इतक्या दूरच्या दोन भाषांना भिंतींतील झरोका पाहून डोळाच आठवावा, ही मौजेची गोष्ट आहे.

वाड्याच्या मोठ्या दरवाजांत जें लहान दार असतें, त्यास आपण दिंडी म्हणतों. इंग्रजींत तिला ‘विकेट’ म्हणतात. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हा शब्द चांगलाच ठाऊक आहे. जुन्या काळच्या दोन यष्ट्या व वरची आडवी काठी अशा लहान दारासारखी दिसे, म्हणून खेळांत तें नांव पडलें. वाड्याच्या मधल्या चौकास ‘कोर्टयार्ड’, परसास ‘बॅकयार्ड’, माळ्यास ‘लॉफ्ट’ म्हणावें. कोंकणांतील जांभ्या दगडास ‘लॅटराइट’ असें नांव आहे. फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांत हा दगड विटांसारखा कापतांना पाहिला, आणि १८०७ सालीं ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हें नांव दिलें. त्याच घरावरचीं चपटीं तांबडीं कौलें ‘मँगलोर टाइल्स’ होत. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें त्यांचा कारखाना काढला, आणि तेथून तीं कौलें सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. अशा रीतीनें पाहिलें म्हणजे एका साध्या कौलारू घरांतही जगाचा बराच इतिहास सांठलेला सांपडतो.

गुण आणि दोष

विशेषणांच्या बाबतींत हवामानाचा विचार करावा. इंग्लंडांत थंडी फार. म्हणून तेथें घराची मोठी स्तुति म्हणजे ‘कोझी’, ऊबदार. ज्या घरांत फटींतून वारा येतो तें ‘ड्राफ्टी’, आणि हा दोष समजतात. आपल्याकडे वैशाखांत ज्या घरांत वारा खेळतो तें भाग्याचें. त्याला ‘एअरी’ म्हणावें. नागपूरच्या उन्हाळ्यांत ‘माझें घर कोझी आहे’ असें लिहिणारा मुलगा नकळत घराची निंदा करितो. प्रशस्त घरास ‘स्पेशस’, दाटीच्या घरास ‘क्रॅम्प्ड’, मोडकळीस आलेल्या घरास ‘डिलॅपिडेटेड’ हे शब्द योग्य आहेत.

‘हर्थ’ म्हणजे आगीची जागा. थंड देशांत सारें कुटुंब तिच्याभोंवतीं बसे, म्हणून ‘हर्थ’ या शब्दानेंच घराचा बोध होऊं लागला. इंग्लंडांत १६६२ पासून १६८९ पर्यंत घरांतील अशा आगीच्या जागा मोजून कर घेत असत. आपणही कुटुंबें चुलींवरूनच मोजतों; भाऊ वेगळे झाले म्हणजे चुली वेगळ्या झाल्या म्हणतों, आणि लग्नाचें आमंत्रण चूलबंद देतों.

कांहीं शब्दांत वर्णनापेक्षां निकाल अधिक असतो, त्यांविषयीं सावध राहावें. ‘हट’ म्हणजे झोंपडी. पण ‘हॉव्हेल’ म्हणजे गलिच्छ खुराडें. ‘स्लम’ हा शब्दही तसाच. दुसऱ्याच्या वस्तीला असा शब्द लावण्यापूर्वीं, तेथें राहणाऱ्या मुलानें आपला निबंध वाचला तर त्यास काय वाटेल, याचा विचार करावा. घर लहान असेल तर ‘स्मॉल’ म्हणावें. तेवढ्यानें सत्यही राहतें आणि कोणाचें मनही दुखावत नाहीं.

शेजार

‘नेबर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जवळ राहणारा’ एवढाच आहे, आणि ‘नेबरहुड’ म्हणजे त्याचा व आपला मिळून झालेला परिसर. लूकच्या शुभवर्तमानांत एक शास्त्री येशूला ‘माझा शेजारी कोण’ असें विचारतो, आणि उत्तरादाखल येशू जखमी वाटसरूची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो. ती गोष्ट ऐकल्यावर ‘नेबर’ या शब्दाची हद्द भिंतीपाशीं संपत नाहीं. आपल्याकडे तोच भाव ‘शेजारधर्म’ या शब्दांत आहे.

रस्त्यांचीं नांवें नीट निवडावीं. गांवांतून गांवाला जाणारा तो ‘रोड’, दोहों बाजूंस घरें असलेला ‘स्ट्रीट’, अरुंद गल्ली ती ‘लेन’, आणि दोन घरांमधला बोळ तो ‘ॲली’. आमची आळी, वाडी, पेठ यांना मात्र नेमका प्रतिशब्द नाहीं. ‘शनिवार पेठ’ हें नांव तसेंच ठेवावें. आणखी एक खांच सांगतों. मराठींतील ‘समोर’ या एका शब्दाला इंग्रजींत दोन शब्द आहेत. घराच्या पुढ्यांत रस्त्याच्या अलीकडे पिंपळ असेल तर तो ‘इन फ्रंट ऑफ’. रस्त्याच्या पलीकडे दुकान असेल तर तें ‘ऑपझिट’. तसेंच ‘माय हाऊस इज हॅविंग थ्री रूम्स’ हें वाक्य अशुद्ध असून तेथें ‘हॅज’ हवें.

निबंध लिहितांना

लेखणी हातीं घेण्यापूर्वीं एकदां घरांतून हिंडून यावें. जी वस्तू दिसेल तिचें मराठी नांव आधीं लिहावें. ठाऊक नसेल तर आजीला विचारावें. मग इंग्रजी शब्द शोधावा. तो तंतोतंत जुळला तर घ्यावा. न जुळल्यास मराठी शब्द कायम ठेवून, तें काय असतें हें पुढें चार शब्दांत सांगावें. उदाहरणार्थ, ‘संध्याकाळीं आम्ही ओटीवर बसतों’ हें वाक्य इंग्रजींत नेतांना ‘ओटी’ हा शब्द तसाच ठेवावा आणि ‘म्हणजे घराच्या पुढील उंच, उघडा व छप्पर असलेला भाग’ एवढें इंग्रजींत जोडावें. वाचकास एक नवा शब्द मिळेल व तुमचें घर त्यास दिसेल.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलानें निबंधांत एकच खोली आहे असें लिहिलें तर त्यास ‘दोन लिही’ म्हणूं नये. परीक्षक खोल्या मोजीत नाहीं. तो शब्द योग्य आहे कीं नाहीं व लिहिणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून पाहिलें कीं नाहीं, हें पाहतो. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घराचे दहा भाग व आळींतील पांच जागा निवडून, प्रत्येकीविषयीं एक शुद्ध इंग्रजी वाक्य लिहून आणावें. त्या वाक्यांत जें घर असेल तें त्याचें स्वतःचें असावें, एवढी एकच अट आहे.