तीन चाकी मोटारसायकलचा नरम ब्रेक : हवा काढण्याआधी जोडणी तपासा

मोटारसायकलला मागे एक्सल बसवून तीन चाकी गाडी करून देण्याचे काम आपल्या काही कारागीर बांधवांकडे येते. (१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला आरटीओची परवानगी लागते. ती पाहिल्याशिवाय कामाला हात लावू नये.) गाडी उभी राहते, पण ब्रेकचे पॅडल नरम लागते. मग पुन्हा पुन्हा हवा काढली जाते, ब्रेक ऑईल वाया जाते आणि आठ दिवसांत गिऱ्हाईक परत दारात! आमच्या मते अशा गाडीत आधी जोडणी पाहावी, हवा नंतर काढावी.

प्रथम पॅडल काय सांगते ते पाहा. दाबल्यावर स्प्रिंगसारखे लवचिक लागले तर हवा आहे. बरेच खाली जाऊन मग घट्ट झाले तर ड्रमचे शू सैल आहेत. ॲडजस्टर आवळा, हवा काढून काही होणार नाही. पाय दाबून धरला असता पॅडल हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे.

आता खरी गोम. मोटारसायकलचा मागचा मास्टर सिलिंडर एका चाकासाठी बनवलेला असतो. त्यावर दोन कॅलिपर जोडले की दुप्पट तेल ढकलावे लागते आणि पॅडल खोल जाते. १२.७ मि.मी. बोअरऐवजी १५.९ मि.मी. घेतला तर एका दाबात दीडपटीहून जास्त तेल जाते. मात्र पायाला जोरही तितकाच जास्त लावावा लागतो, म्हणून उगाच फार मोठा बसवू नये.

दुसरी खोड कॅलिपरची. डावा उजवीकडे बसला की निपल खाली येतो. हवा वर राहते, तेल खालून निघते. अशा वेळी कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवून निपल वर धरावा आणि पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घालावी. नाहीतर पिस्टन बाहेर येईल. एक्सलवरून नेलेल्या पाईपला मध्येच उंचवटा असेल तर तिथेही हवा अडकते.

हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक तेलात बुडवावे. शागिर्दाने पॅडल दाबून धरावे, आपण निपल पाव फेरा उघडून बंद करावा, मगच त्याने पाय उचलावा. टाकीतले तेल संपू देऊ नये, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४, टाकीच्या झाकणावर लिहिले असेल तेच आणि सीलबंद बाटलीतले. उघडी बाटली हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ कोरडे असताना २०५ अंशांना उकळते, ओलावा शिरल्यावर १४० अंशांपर्यंत येते. उतारावर ब्रेक तापला की वाफ होऊन पॅडल रिकामे जाते. इंजिन ऑईलचा थेंबही चालत नाही, रबर फुगते.

चाचणी आधी मोकळ्या जागेत, हळू वेगात घ्यावी, मग दोन माणसे बसवून. गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. रात्रभर गाडी ठेवून सकाळी पुन्हा पॅडल दाबावे. नरम झाले असेल तर प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा.