लेकीला वेल्डिंग शिकायचंय म्हणे

लेकीने व्होटेकच्या अर्जात पहिली पसंती वेल्डिंगची लिहिली, एवढंच ना? मग त्यात डोळ्यांत पाणी आणण्यासारखं काय आहे गं?

मला माहितीये तुला काय सलतंय. एडिसनमधल्या आपल्या लोकांत आठवीचा हिवाळा म्हणजे दहावीच्या वरताण. प्रत्येकाला काउंटीची ती इथलीच विज्ञान-अभियांत्रिकीची अकादमी हवी, नाहीतर वुडब्रिजची आरोग्यशास्त्राची. प्रवेश परीक्षा, मोजक्या जागा आणि त्यासाठी कधीपासून लावलेले क्लास. पण एक सांगू? त्या दोन्ही शाळासुद्धा काउंटीच्या व्होटेकचाच भाग आहेत. न्यू जर्सीत 21 काउंट्या, आणि प्रत्येकीचं असं व्यवसाय-शिक्षणाचं स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट. आपल्याला फी नाही, ती गावचं स्कूल डिस्ट्रिक्ट भरतं. त्यातल्या एका शाळेतून पोरगं प्रिन्स्टनला गेलं की पेढे, आणि दुसरीतून वेल्डर होऊन निघालं की मंडळाच्या गणपतीत कुजबुज, ‘अभ्यासात बरी नव्हती का हो?’

तुझ्या डोक्यात अजून आपल्याकडचं आयटीआय आहे. टक्के कमी पडले की तिकडे. इथेही हेच होतं बरं. गरिबांची, काळ्यांची मुलं वर्षानुवर्षं अशा वर्गांत ढकलली गेली, म्हणून इथल्या जुन्या माणसांनाही ‘व्होकेशनल’ म्हटलं की शंका येते. यातून वाट काढायला 1969 मध्ये फिलाडेल्फियात पहिली करिअर अकादमी सुरू झाली. शाळेचं नाव एडिसन हायस्कूल, आपल्या गावाशी काही संबंध नाही. मुलं शाळा सोडून जात होती; तिथल्या वीज कंपनीला सोबत घेऊन शाळेच्या आतच विजेच्या कामाची एक छोटी शाळा काढली. तीच मुलं, तेच शिक्षक सलग तीन-चार वर्षं एकत्र. गणित-इंग्रजी सुटत नाही, उलट धंद्याच्या अंगाने शिकवतात, आणि गावातल्या कंपन्या मुलांना कामाचा अनुभव द्यायला पुढे येतात. पुढे देशभर अशा अकादम्या निघाल्या.

आता मुद्द्याचं. एमडीआरसी नावाच्या संशोधन संस्थेने नऊ हायस्कुलांत याची नीट परीक्षा घेतली. अकादमीत यायला उत्सुक मुलं जास्त, जागा कमी. मग अक्षरशः चिठ्ठ्या टाकून कुणाला घ्यायचं ते ठरलं आणि दोन्ही गटांचा माग बारावीनंतर आठ वर्षं ठेवला. 2008 च्या अहवालात निघालं काय, तर अकादमीतल्या मुलांची कमाई सरासरी 11 टक्क्यांनी जास्त, आणि कॉलेज पूर्ण करण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. तेव्हा ‘कॉलेजचं दार बंद झालं’ हे रडगाणं आवर.

पण माझ्या मनात रुतून बसलं ते वेगळंच. ती वाढ मुलग्यांची होती, सुमारे 17 टक्के. मुलींच्या कमाईत म्हणावा असा फरकच दिसला नाही. का, याची कारणं बरीच असतील. माझा आपला अंदाज असा, की मुलगी दिसली की तिला ऑफिसचं काम, नाहीतर दवाखान्यातलं मदतनिशीचं काम सुचवतात, आणि तिथला पगार पहिल्यापासूनच बेताचा. तू तिला मेडिकल असिस्टंटकडे वळवायचं म्हणतेस ना, त्याआधी तो पगार आणि वेल्डरचा पगार शेजारी-शेजारी लिहून बघ. निर्णय मग घे.

याचा अर्थ डोळे मिटून सही कर असा नाही हं. शाळेवर ‘अकादमी’ची पाटी कुणीही लावतं. ओपन हाऊसला चकचकीत मशिनं बघून हरखू नकोस, माणसांना विचार. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कुठल्या कंपनीत पाठवता? मागच्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत? बाहेर पडताना वेल्डिंगचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट हातात येतं, की नुसतं शाळेचं? आणि वर्गात मुली किती? एकटीच असली तर कपडे बदलायची सोय, मास्तरांची वागणूक, पोरांची तोंडं, हे सगळं आधी कळलेलं बरं. तिला धीर आहे, पण चार वर्षं रोज धीर धरायला लावणं हे काही शिक्षण नव्हे.

बीजगणित मात्र सोडू देऊ नकोस. उद्या तिला वेल्डिंग नको वाटलं आणि इलेक्ट्रिशियन व्हावंसं वाटलं, तर युनियनची शिकाऊ उमेदवारी आहे, साधारण पाच वर्षांची, पहिल्या दिवसापासून पगार. तिथे आत शिरायला हायस्कूलचं एक वर्षाचं बीजगणित पास लागतं. तुझ्या नवऱ्याला हे सांग, गणिताचं नाव ऐकून त्याचा जीव जरा भांड्यात पडेल.

आईचं मी बघते. ती आधी म्हणेल, ‘ठिणग्या उडतात, पोरीचे हात भाजतील’, मग विचारेल, लग्नाचं काय. दोन्हीला माझ्याकडे उत्तरं आहेत. तू फक्त ओपन हाऊसची तारीख कळव. गाडी मी काढते, आणि तिथे कुणी लेकीला काही विचारलं, तर तिच्याआधी तू तोंड उघडायचं नाहीस.